भट्टी आणि वाऱ्याची वाट

मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून निघालेली लाँच घारापुरीचे बेट डाव्या हातास टाकून मोरा बंदरास लागते, तेव्हा उतारूच्या अंगास पहिला स्पर्श होतो तो वाऱ्याचा. ओहोटी मोठी असली म्हणजे गाळामुळे लाँचा काही वेळ बंद राहतात आणि माणसास धक्क्यावर ह्या वाऱ्याच्याच संगतीत तिष्ठत बसावे लागते. २०२४ च्या जानेवारीत उरणास आगगाडी आली, त्याच दिवशी शिवडीचा सागरी सेतूही खुला झाला. तरीही आम्ही आमच्या आजोळच्या घरी जावयाचे तर अद्याप लाँचनेच जातो. हे घर मोऱ्यास आहे. उरण हा स्वतंत्र तालुका होण्यापूर्वी हा सारा टापू पनवेल तालुक्याचा महाल म्हणून मोडत असे, आणि त्या काळी ह्याची कीर्ती दोन गोष्टींसाठी होती: मिठागरे आणि मोहाच्या दारूच्या भट्ट्या. गुजराथेकडून मोहाची फुले गलबतांनी येत आणि येथील दारू मुंबईस जाई. आमच्या आजीच्या पिढीस 'भट्टी' ह्या शब्दाचा दुसरा अर्थच ठाऊक नव्हता, व घरात तो शब्द उच्चारणेही तिला खपत नसे.

म्हणूनच गेल्या वर्षी आमच्या भाच्याचा निरोप आला तेव्हा आम्हांस हसू आवरेना. भाचा कॅनडातील विनिपेग येथे स्थायिक आहे. आमची वडील बहीण अक्का मेहुण्यांच्या पश्चात त्याच्याकडे राहावयास गेली आहे. त्याने लिहिले होते, "मामा, जुनी गॅसची भट्टी काढून घरात विजेची भट्टी बसविली. परंतु आईच्या खोलीत ऊब म्हणून येत नाही. ती दोन शालींत बसून असते, आणि तुमच्याशी बोलताना मात्र सगळे छान आहे म्हणून सांगते. भट्टीही दर दहा-पंधरा मिनिटांनी आपोआप बंद पडते. तुम्ही इतिहासाचे प्राध्यापक, ह्यात काय सांगणार म्हणा; तरी नकाशा धाडतो आहे."

हिवाळ्यात उणे तीस अंशांपर्यंत पारा उतरणाऱ्या गावात सत्तरी उलटलेली बहीण थंडीने काकडते आहे, हे ऐकल्यावर इतिहासाच्या प्राध्यापकास झोप कोठली येणार? नकाशा आम्ही पुनःपुन्हा पाहिला. आणि पाहता पाहता आमच्या असे ध्यानी आले की, हा प्रश्न यंत्रशास्त्राचा असला तरी तितकाच इतिहासाचाही आहे. उष्णता निर्माण करणे ही गोष्ट मनुष्याने फार पूर्वी साध्य केली. तिला हवेच्या पाठीवर बसवून हव्या त्या ठिकाणी नेणे मात्र त्याला अगदी अलीकडे, आणि तेही पुष्कळ चुका करून साधले. शिवाय ज्याने ज्याने वाऱ्याची वाट आखली, त्याने ती कोणाच्या सुखासाठी आखली, हे त्या वाटेवरून स्पष्ट वाचता येते.

आरंभ आमच्या मोऱ्याच्या घरापासूनच करू. कोकणातील जुन्या घरात ओटी, माजघर आणि परसदार ह्यांची दारे बहुधा एका ओळीत असतात. दिवसा समुद्रावरून खारा वारा येतो, रात्री जमिनीवरून मतलई वारा सुटतो. दोहोंनाही घरातून आरपार जाता यावे अशी ही मांडणी आहे. वैशाखातल्या दुपारी आम्ही मुले पुढचे दार सताड उघडून उकाड्याने त्रासलो म्हणजे आजी म्हणे, "अरे, मागचं दार उघडल्याशिवाय पुढच्या दारानं वारा यायचा नाही. जायला वाट नाही तर येईल कसा?" आजीस अक्षरओळख नव्हती. परंतु एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडच्या नामांकित विद्वानांस जे कळावयास पार्लमेंटचे एक सभागृह आणि एका गृहस्थाची नोकरी खर्ची पडली, ते हेच.

ते गृहस्थ म्हणजे डेव्हिड बॉस्वेल रीड. १८३४ साली लंडनचे पार्लमेंट आगीच्या भक्ष्यस्थानी पडले आणि कॉमन्स सभेसाठी तात्पुरते सभागृह उभारण्यात आले. तेथील हवा सुधारण्याचे काम एडिंबरोच्या ह्या रसायनशास्त्रज्ञाकडे देण्यात आले. रीडने १८३६ साली जी योजना केली ती खरोखर धाडसाची होती. बाहेरची हवा त्याने तळघरात घेतली, गाळली, ऋतुमानाप्रमाणे उबदार केली आणि सभागृहाच्या जमिनीस पाडलेल्या असंख्य बारीक छिद्रांतून वर सोडली. वापरलेली हवा छतातून ओढून एका उंच धुराड्याकडे नेली होती व त्या धुराड्याच्या तळाशी विस्तव पेटता ठेवला होता. म्हणजे हवा आत ढकलण्यापेक्षा बाहेर ओढण्यावर त्याची सारी भिस्त होती. मागचे दार उघडल्यावाचून वारा यावयाचा नाही, हे त्याने बरोबर ओळखले होते. पण सभासदांचे चिखलाचे जोडे काही त्याच्या हिशेबात नव्हते! जमिनीवरील केसाळ गालिच्यातून येणारी हवा त्या जोड्यांची धूळ घेऊनच वर येई. पुढे नव्या प्रासादाच्या बांधकामात त्याचे आणि शिल्पकार चार्ल्स बॅरी ह्यांचे इतके बिनसले की, एकाच इमारतीची हवा दोघांनी वाटून घेतल्यासारखी स्थिती झाली. अखेर १८५२ साली रीडला रजा मिळाली. त्याच्या कल्पना लिव्हरपूलच्या सेंट जॉर्जेस हॉलमध्ये १८५४ साली यशस्वी झालेल्या दिसतात, ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट. शिल्पकाराने आधी भिंती उभ्या कराव्या आणि हवेने मग त्यांतून वाट काढावी, हा क्रम किती घातक आहे ह्याचे इतके बोलके उदाहरण दुसरे नसेल.

आमच्या देशात साहेबाच्या कचेरीत ह्या सुमारास हवा हलविण्याचे काम माणसाच्या हाताने होत असे. छतास टांगलेल्या पंख्याची दोरी भिंतीच्या भोकातून पडवीत जाई आणि तेथे उन्हात बसलेला पंखेवाला ती ओढी. आत वारा, बाहेर घाम. ह्या व्यवस्थेविषयी अधिक लिहिण्यासारखे काही नाही. ती एका दृष्टिक्षेपात समजते.

परंतु ज्या हवेचा इतिहास मराठी माणसाने विसरू नये, ती हवा निराळी. कावसजी नानाभाई दावर ह्यांनी १८५४ साली मुंबईत कापसाच्या गिरणीची कंपनी काढली व १८५६ साली ताडदेव येथे तिचे सूत निघू लागले. पुढे परळ, लालबाग, वरळी हा सारा भाग गिरण्यांच्या धुराड्यांनी भरून गेला आणि रत्नागिरी, सातारा, कुलाबा ह्या जिल्ह्यांतील हजारो माणसे तेथे पोटासाठी गेली. आता सूत ही वस्तू मोठी नाजूक. हवा कोरडी झाली की धागा ठिसूळ होतो आणि तुटतो. दमट असली की तो मऊ व बळकट राहतो. मुंबईच्या सागरी हवेचा गिरणीमालकांस म्हणूनच फायदा होता. तरी मागखात्यास तेवढा दमटपणा पुरत नसे. मग खिडक्या लावून घ्यावयाच्या आणि आत वाफ सोडावयाची. पुढे वाफेच्या जागी पाण्याचे तुषार आले, त्यानंतर पत्र्याच्या मोठमोठ्या नळांतून, कारागीर ज्यांस डक्ट म्हणतात त्यांतून, ओली हवा पंख्याने खेळविण्यात येऊ लागली. नागपूरसारख्या कोरड्या हवेच्या गावी तर त्यावाचून गत्यंतरच नव्हते. जमशेटजी टाटांनी १८७७ साली सुरू केलेल्या एम्प्रेस मिलमध्ये अशी यंत्रे आपल्या देशात फार लवकर बसली.

येथे क्षणभर थांबून शरीराचा विचार केला पाहिजे. मनुष्य उष्ण हवेत जगतो तो घामाच्या बळावर. घाम वाळतो आणि वाळताना अंगातील उष्णता घेऊन जातो. हवा आधीच पाण्याने भरलेली असेल तर घाम वाळत नाही, नुसता ओघळतो. म्हणजे जी हवा सुतास मानवते नेमकी तीच माणसास मानवत नाही. लँकेशायरच्या विणकरांनी हे सोसले आणि त्याविरुद्ध आवाजही उठविला. १८८९ साली इंग्लंडात कायदा होऊन मागखान्यातील उष्णता व दमटपणा ह्यांचे कोष्टक ठरले. आमच्याकडे ऊन अधिक, आवाज मात्र क्षीण. टी. मॅलोनी ह्यांनी गिरण्यांतील ह्या दमट हवेची जी चौकशी केली, तिचा वृत्तांत हिंदुस्थान सरकारने १९२३ साली छापला. पुढे १९४८ च्या फॅक्टरी कायद्यात तेराव्या कलमाने वायुवीजन व तापमान आणि पंधराव्याने कृत्रिम आर्द्रता ह्यांचे नियमन झाले. त्या पंधराव्या कलमात एक अट अशी होती की, हवेत फवारावयाचे पाणी पिण्याच्या पाण्याच्या साठ्यातले असावे, नाहीतर नीट शुद्ध केलेले असावे. ही अट कायद्यात घालावी लागली, ह्यावरून त्यापूर्वी गिरणीकामगारांच्या छातीत कोणकोणते पाणी जात असेल त्याचा तर्क वाचकांनीच करावा.

आमच्या एका शाळासोबत्याचे वडील परळच्या एका गिरणीत मागावर होते. संध्याकाळी पाळी सुटली की ते चाळीच्या गॅलरीत उघड्या अंगाने निमूटपणे बसून राहात. मुलांनी जवळ गलका केला तरी रागावत नसत. एकदा ते आम्हांस म्हणाले, "आमच्या खात्यात धागा तुटला तर जॉबर धावत येतो. माणूस तुटला तर बदलीवाला येतो." त्या वेळी आम्ही दहा-बारा वर्षांचे होतो आणि वाक्याचा अर्थ आम्हांस कळला नाही. १९८२ च्या जानेवारीत संप झाला, तो कधी मिटलाच नाही, आणि ते बिऱ्हाड उठून गावी गेले. अर्थ कळला तेव्हा विचारावयास ते तेथे नव्हते.

हवेस वळण लावण्याच्या ह्या विद्येचे इंग्रजी नावसुद्धा गिरणीतच जन्मास आले, हे पुष्कळांस ठाऊक नसते. विलिस कॅरिअर ह्या तरुण एंजिनिअराने १९०२ साली ब्रुकलिन येथील एका छापखान्यासाठी हवेतील दमटपणा आवरणारे यंत्र आखले. कारण दमटपणाने कागद फुगे आणि रंगावर रंग नीट बसत नसे. आणि १९०६ साली 'एअर कंडिशनिंग' हा शब्द रूढ केला तो स्टुअर्ट क्रेमर ह्या सूतगिरण्यांच्या एंजिनिअराने. आधी कागद, मग सूत. मनुष्याची पाळी तिसरी आली, आणि तीही तिकीट काढणाऱ्या मनुष्याची. अमेरिकेतील नाटकगृहांत प्रारंभी थंड हवा पायांखालून सोडीत, तेव्हा प्रेक्षक वर्तमानपत्रे पायांस गुंडाळून बसत असे सांगतात! मग ती छतातून सोडून खुर्च्यांखालून परत नेण्याची युक्ती निघाली. १९३३ साली मुंबईत कुलाब्याकडे रीगल हे चित्रपटगृह उघडले. आपल्या देशातील अगदी पहिल्या वातानुकूलित चित्रपटगृहांत त्याची गणना होते. रीगलची गार हवा आणि परळच्या मागखात्याची ओली हवा ह्या दोहोंमागे एकच शास्त्र होते: पंखा, पत्र्याचे नळ, पाणी. दोन्ही एकाच शहरात, पाचेक मैलांच्या अंतराने. एकीत तीन तास बसण्यासाठी लोक पैसे देत, दुसरीत दिवसभर उभे राहण्यासाठी घेत.

आता विनिपेगकडे वळू. तिकडच्या घरात तळघरात एक भट्टी असते. तिच्यात तापलेली हवा पत्र्याच्या नळांतून खोल्याखोल्यांत जाते व गार झालेली हवा दुसऱ्या नळांनी भट्टीकडे परत येते. शंभर वर्षांपूर्वी ह्या व्यवस्थेस पंखा नव्हता. गरम हवा हलकी म्हणून आपोआप वर चढे आणि त्यासाठी नळ मोठे, धष्टपुष्ट असत. पंखे आले तसे नळ बारीक झाले. विजेच्या भट्टीत धूर नाही, म्हणून धुराडे नको. आत तारांची वेटोळी तापतात आणि पंखा त्यांवरून हवा नेतो. ह्याहून साधे यंत्र नसेल. साधे म्हणजे काटकसरीचे मात्र नव्हे. मोऱ्यापासून जवळच बोकडविरा येथे बॉम्बे हायच्या वायूवर चालणारे वीजकेंद्र आहे. तेथे प्रथम नुसते वायुचक्रांवर काम चाले आणि तप्त वायू आकाशात जाई. पुढे ती वाया जाणारी उष्णता पकडून तिच्या वाफेवर आणखी वीज काढण्याची सोय केली. एवढ्या सायासाने उष्णतेची केलेली वीज, पुन्हा खोली तापविण्यासाठी तारेत जाळावी, ह्याचे आमच्यासारख्या कोकण्यास वाईट वाटते. परंतु मॅनिटोबा प्रांताची वीज बहुतांशी नद्यांच्या पाण्यावर होते, आमच्या खोपोलीस १९१५ पासून होत आली तशी. तेव्हा भाच्यास दोष देता येत नाही.

त्याची भट्टी पंधरा किलोवॅटची. २४० व्होल्टवर हिला साडेबासष्ट अँपिअर प्रवाह लागतो, म्हणून तारा व फ्यूज त्याप्रमाणे जाड हवेत. ते काम कारागिराने चोख केले होते. खरी मेख हवेत होती. वीस अंशांची हवा अठ्ठेचाळीस अंशांपर्यंत तापवून सोडावयाची, म्हणजे अठ्ठावीस अंशांची वाढ धरली, तर एवढी उष्णता वाहून नेण्यास मिनिटाला सुमारे साडेनऊशे घनफूट हवा लागते. सहा इंची गोल नळी साधारणपणे मिनिटाला शंभर घनफूट हवा निवांतपणे नेते. म्हणजे अशा नऊ-दहा शाखा झाल्या. आणि जितकी हवा गेली तितकीच परत आली पाहिजे. नळीचा प्रत्येक काटकोनी बाक हा कित्येक फूट सरळ नळीइतका अडथळा करतो. उलट सहा इंचांची नळी आठ इंचांची केली तर तेवढ्याच जोरावर जवळजवळ दुप्पट हवा जाते. पंख्याचा जोरही बेताचाच असतो: पाण्याचा अर्धा इंच उंच स्तंभ पेलण्याइतका. ह्याहून अधिक ओझे त्याजवर घातले की तो निमूटपणे कमी हवा देतो. हवा कमी पडली की तारा अधिक तापतात, आणि आग लागू नये म्हणून बसविलेली कळ भट्टी बंद पाडते. दर दहा-पंधरा मिनिटांनी होत होते ते हेच. यंत्र बिघडलेले नव्हते. ते शहाणपणाने वागत होते.

नकाशात जाण्याच्या नळ्या रंगीत रेघांनी हौसेने दाखविल्या होत्या. परतीची वाट मात्र एकच, दिवाणखान्याजवळच्या बोळात, आणि नव्या भट्टीस जोडताना कारागिराने तिचा गळा आवळून निम्मा केला होता. अक्काची खोली घराच्या मागील अंगास, गाडीखान्यावर, मागाहून वाढविलेली. तिला जाणारी नळी चार बाक घेऊन, शेवटास पोचे. घर प्रथम बांधणाऱ्याने आणि पुढे वाढविणाऱ्याने ऊब दिवाणखान्यासाठी आखली होती. मागच्या खोलीत कोणी म्हातारे माणूस दिवसभर बसेल हे त्यांच्या स्वप्नीही नव्हते. इतके आम्हांस समजले, तरी एक गोष्ट उलगडेना. त्या नळीच्या तोंडाशी हात धरला तर भाच्यास कधी ऊब लागे, कधी मुळीच लागत नसे. असे का व्हावे?

उलगडा अक्कानेच केला, आणि तोही नकळत. आम्ही तिला दूरध्वनी केला व दिनक्रम विचारला. ती म्हणाली, "सकाळी नऊपर्यंत माझा जप असतो. दुपारी मी पडते. संध्याकाळी मुलं टीव्ही लावतात. दार लावून घेते रे मी, उगाच त्यांना माझी अडचण नको." म्हणजे जवळजवळ सारा दिवस दार बंद! आणि परतीची वाट बोळात. दार लावले की त्या खोलीतील हवेस जाण्यास जागा नाही. जाण्यास नाही म्हणून येण्यासही नाही. भाचा पाहावयास येई तेव्हा दार उघडून येई, आणि ऊब त्याच्या मागोमाग आत शिरे. आम्ही म्हटले, "अक्का, मागचं दार उघडल्याशिवाय..." तिने आजीचे वाक्य आमच्या तोंडातून काढून घेऊन पुरे केले, आणि मग बराच वेळ काही बोलली नाही.

भाच्याने दुसरा कारागीर बोलावला. भट्टीकडे परत येणाऱ्या नळाचा गळा रुंद केला, मागील अंगास परतीची आणखी एक शाखा काढली, अक्काच्या नळीचे चारांपैकी दोन बाक काढून ती सहाची आठ इंची केली. अक्काने दार लावून घेण्याची सवय सोडावी असे आम्ही कोणी सुचविले नाही. त्याऐवजी दाराच्या खालची कड एक इंच कापली आणि वर चौकटीलगत भिंतीत जाळीचा एक झरोका पाडला. भट्टी आता मध्येच थांबत नाही. मार्गशीर्षात अक्काने एक शाल घडी करून पेटीत ठेवल्याचे कळले.

गेल्या आठवड्यात मात्र भाच्याचा पुन्हा निरोप आला. झरोक्यातून रात्री बोळातला दिवा डोळ्यांवर येतो म्हणून अक्काने त्यावर नेमकी गणपतीची मोठी तसबीर टांगली आहे. ती काढण्यास मुलाचा धीर होत नाही, तर मामांनी समजूत घालावी. आम्ही उद्या सकाळी दूरध्वनी करणार आहोत. तिचा जप आटोपल्यावर.